तळ्याचा काठ

'जालना सोने का पालना' ही म्हण आमच्याकडे लहान लेकरालाही पाठ असते. म्हण व्यापाऱ्यांनी पाडली असावी. कापूस, सरकी, पुढे बियाणे आणि आता लोखंडी सळया, यांवर हे गाव मोठे झाले. पण त्याआधी, म्हणजे चारशे वर्षांपूर्वी, इथे मुक्कामाला येणाऱ्या माणसाला पाणी कुठून मिळायचे, हा प्रश्न मला म्हणीपेक्षा जास्त ओढ लावतो. कुंडलिका नदी आहे, पण ती पावसाळ्यापुरती. पाऊस सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर, तोही आला तर. अशा ठिकाणी सराई, मशीद, बाजारपेठ उभी राहिली, याचा अर्थ पाणी कोणीतरी मुद्दाम अडवून ठेवले होते.

मलिक अंबरच्या काळात जमशेदखान नावाचा जालन्याचा कारभारी होता. जामा मशीद आणि सराई त्यानेच बांधली आणि गावाच्या पश्चिमेला मोती तलावही त्यानेच केला. तिथून जमिनीखालून नळ टाकून गावातल्या हौदांपर्यंत पाणी आणले. मलिक अंबर वारला १६२६ साली, यावरून काळाचा अंदाज बांधा. औरंगाबादची नहर सगळ्यांना ठाऊक आहे, जालन्याचे नळ मात्र कोणाच्या तोंडी नाहीत. जुन्या गॅझेटियरात लिहिले आहे की भरभराटीच्या दिवसांत गावाला पाच तळी होती आणि ते नळ तेव्हाच, म्हणजे इंग्रजांच्या काळातच, गाळाने बुजले होते.

पाचातला मोती तलाव तेवढा आज सगळ्यांना दाखवता येतो. बाकीच्यांचे पाणी कुठे होते, हे विचारत जुन्या जालन्यात फिरलो तर दहा जणांनी दहा दिशांना बोटं दाखवली. तळे असे एका दिवसात मरत नाही. आधी त्याचे पाणी प्यायचे बंद होते. मग तिथे धुणी, म्हशी. मग गाळ काढणारा कोणी उरत नाही. उथळ झालेल्या कडेला कोणीतरी माती टाकतो, दुसरा कुंपण घालतो, तिसरा प्लॉट पाडतो. चौथ्या पिढीला तिथे तळे होते हे सांगावे लागते. मोती तलाव टिकला, पण आता तो शहराला मुख्यतः गणपती विसर्जनाच्या दिवशी आठवतो.

पुढचे मोठे तळे घाणेवाडीचे. निजामी अमलात कुंडलिकेच्या वरच्या अंगाला ते बांधले गेले. त्याचे नाव निघाले की शहरातले जुने लोक बेझनजी फरिदुनजी जालनावाला या पारशी गृहस्थाचे नाव अजूनही आदराने घेतात. या तलावाची खरी करामत म्हणजे त्याची उंची. तळे गावापेक्षा वरच्या पातळीला, त्यामुळे पाणी उताराने आपोआप नव्या जालन्यापर्यंत येते. ना पंप, ना विजेचे बिल. आजही ज्या दिवशी वीज नसते त्या दिवशी हे पाणी वाहत असते. एवढे साधे गणित पुढच्या योजनांना का जमले नाही, हे मला कोडे आहे. कारण पुढे शहराने पाणी आणले ते गोदावरीवरून, आधी शहागडहून आणि मग जायकवाडीहून. दोन्हीकडून पाणी चढावर ढकलावे लागते. वीजबिल थकले की नळ कोरडे.

मला यात एक क्रम दिसतो. पाणी जितके लांबून यायला लागले, तितकी जवळच्या तळ्याची काळजी कमी झाली. घाणेवाडीचा गाळ वर्षानुवर्षे कोणी काढला नाही. २०१२-१३ चा दुष्काळ आला तेव्हा त्याची किंमत कळली. त्या वर्षी राज्यात सगळ्यात वाईट हाल झालेल्या जिल्ह्यांत जालना होता. अंबड आणि घनसावंगीकडे लोकांनी पंधरा-वीस वर्षांच्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळू दिल्या आणि मग कुऱ्हाड लावून सरपणाच्या भावात विकल्या. शहरात टँकरच्या मागे घागरींची रांग. घाणेवाडीच्या तळाला भेगा पडल्या होत्या, इतक्या रुंद की त्यात हात जाईल.

पण त्याच्या थोडे आधीपासून शहरातली काही व्यापारी, उद्योजक मंडळी एकत्र येऊन या तलावाचा गाळ काढायला लागली होती. घाणेवाडी जलसंरक्षण मंच हे त्यांचे नाव. काम सरकारी निविदेचे नव्हते. यंत्राचा खर्च वर्गणीतून, आणि गाळ शेतकऱ्याने आपल्या ट्रॅक्टरने, आपल्या खर्चाने न्यायचा. उन्हाळ्यात तलावाच्या पोटात पोकलेन आणि ट्रॉल्यांची जत्रा भरायची. मंचाने खाली कुंडलिकेवर बंधारेही घातले, पात्र रुंद-खोल केले. पुढे शहरातल्या कुंडलिका आणि सीना या दोन्ही नद्यांतला कचरा, गाळ काढायचेही काम लोकसहभागातून झाले. राज्य सरकारची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली २०१७ साली. तिच्यातली मूळ कल्पना जालन्याच्या शेतकऱ्याला नवी नव्हती.

इथे गाळाबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण शहरातल्या माणसाला गाळ म्हणजे घाण वाटते. आमच्या शिवारात गाळ म्हणजे खत. वरच्या शेतांची काळी माती पावसात धुपून तळ्यात जाते. ती आपलीच माती. मुरमाड, बरड रानावर तिचा थर टाकला की ज्या जमिनीत कुळीथसुद्धा रडतरडत यायचा तिथे कापूस उभा राहतो. आमचा आजा बैलगाडीने गाळ वाहायचा. "तळ्यानं नेलं ते तळ्याकून परत आनायचं," एवढेच त्याचे तत्त्वज्ञान. बैलगाडीत मावतो किती? म्हणून तळ्याचा आकार कधी बिघडला नाही. दरवर्षी थोडा गाळ यायचा, थोडा जायचा.

आमच्या गावचा तलाव १९७२ च्या दुष्काळातला. त्या वर्षी मराठवाड्यात गावोगाव दुष्काळी कामे निघाली, आणि पाझर तलावांची रांग लागली. माय सांगायची, घमेले डोक्यावर आणि लेकरू झाडाखाली झोळीत. खायला परदेशातून आलेली लाल मिलो, लेकरांना सुकडी. ज्यांनी तलाव खणला त्यांना तो बांधताना तो भरेल असे वाटलेच नव्हते, कारण आभाळात ढगच नव्हता. तो पहिल्यांदा भरला तेव्हा बायांनी ओटी भरली. आता तो तलाव कागदावर 'पाझर तलाव, गट नंबर अमुक' आहे. माझ्या लहानपणी मात्र तो आमचा सगळा भूगोल होता.

तो कसा होता ते सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे समजेल. एका बाजूला मातीची उंच पाळ, तिच्या टोकाला सांडवा. समोरची बाजू मात्र नुसता उतार. पाणी तिकडे इतके हळूहळू संपायचे की नेमका काठ कुठे, हे सांगता यायचे नाही. पावसाळ्यात तो काठ ओढ्याजवळ, माघात तो अर्धा फर्लांग आत. पाणी जसे मागे सरकायचे तसे मागे राहायची ती ओली, काळी, लोण्यासारखी जमीन. तिच्यावर लोक गाळपेर करायचे. हरभरा, करडई, कडेला वाळूक आणि खरबूज. नांगरट नाही, पाणी नाही, नुसते टोकायचे. ज्याला शेत नाही अशा चार-दोन घरांचे वर्ष त्या ओल्या पट्ट्यावर निघायचे.

आणि त्याच पट्ट्यावर पाखरे. शेकाट्या त्याच्या तांबड्या काड्यांसारख्या पायांवर वीतभर पाण्यात हिंडायचा. त्याचे पाय जेवढे लांब तेवढेच खोल पाणी त्याला चालते, जास्त नाही. हळदीकुंकू बदके लव्हाळ्यात अंडी घालायची. टिटवी उघड्या खड्यांत. हिवाळ्यात चक्रवाकांची जोडी यायची, आणि एखाद्या वर्षी करकोच्यांचा थवा हरभऱ्यावर उतरायचा, मग डबे वाजवत आम्ही पोरे धावायचो. ते करकोचे मध्य आशियातून, मंगोलियाच्या बाजूने येतात, हे मला फार पुढे पुस्तकात कळले. तेव्हा ते आम्हाला हरभऱ्याचे चोर वाटायचे. खोल पाण्यात भोई समाजाची माणसे जाळे टाकायची, पण मासळीची पिल्ले वाढायची ती या उथळ, गवताळ कडेलाच. उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचते, शेवाळ धरते, गोगलगाई आणि किडे वाढतात. तिथे तळ्याचे स्वयंपाकघर असते.

'पाणथळ' हा शब्द आमच्या गावात कोणी वापरत नव्हते. सतत ओल धरून खराब झालेल्या रानाला चिबड म्हणायचे, जनावरांच्या पाण्याला पाणवठा, आणि या पट्ट्याला नुसते 'तळ्याचं रान'. पाणथळ जागा हा कागदावरचा शब्द, आणि त्या कागदाची गोष्ट मजेशीर आहे. २ फेब्रुवारी १९७१ ला इराणमधल्या रामसर गावी जगातल्या देशांनी पाणथळ जागांसाठी करार केला. भारत त्यात १९८२ साली सामील झाला. त्या करारात पाणथळ म्हणजे नैसर्गिक असो की माणसाने केलेली, कायम असो की काही महिन्यांची, सगळी धरली आहे. आमचे तळे त्यात सहज बसते. पण आपल्या देशाच्या २०१७ च्या पाणथळ नियमांत व्याख्या वेगळी आहे. पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय आणि सिंचनासाठी, मत्स्यपालनासाठी, मिठासाठी किंवा करमणुकीसाठी बांधलेली कामे त्यातून वगळली आहेत.

आता जालना जिल्ह्याकडे बघा. इथे नैसर्गिक सरोवर म्हणावे असे काय आहे? मोती तलाव पिण्यासाठी बांधलेला. घाणेवाडी पिण्यासाठी. बाकीचे पाझर तलाव, साठवण तलाव, लघु आणि मध्यम प्रकल्प सगळे शेतीसाठी. म्हणजे आमच्या जिल्ह्यातले जवळपास सगळे पाणी या व्याख्येच्या बाहेर उभे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच उपग्रहावरून मोजलेल्या, सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागांना संरक्षणाचे तत्त्व लावायला सांगितले. ते ऐकून बरे वाटले होते. पण तलाठ्याकडे जाऊन 'आमचा तलाव पाणथळ आहे का' असे विचारले तर तो सातबारा काढून बघतो. तिथे लिहिलेले असते 'बुडीत क्षेत्र', किंवा काहीच नाही.

यावर कोणी म्हणेल, मग बांधलेल्या पाण्याला पक्ष्यांची जागा म्हणून मान मिळतच नाही का? मिळतो की. महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा नांदूर मधमेश्वर, जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाली. तो इंग्रजांच्या अमलातला गोदावरीवरचा बंधारा. गाळ साचून उथळ झाला, म्हणून तर तिथे पाखरे आली. त्याच वर्षी लोणार यादीत गेले. ते मात्र निसर्गाचेच, आमच्या मंठा तालुक्याच्या शिवेपलीकडे. २०२२ मध्ये ठाणे खाडी. नांदूर मधमेश्वरचेच पाणी खाली जायकवाडीत येते, आणि जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. त्या धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी ते देशाला अर्पण केले. त्याचा डावा कालवा अंबड, घनसावंगी, परतूर असा आमच्याच जिल्ह्यातून परभणीकडे जातो. अभयारण्याचा शिक्का असूनही तिथे काय चालले आहे ते पाहण्यासारखे आहे. नाथसागरावर तरंगते सौर पॅनेल टाकण्याचा प्रकल्प आला. पाण्यावर जाळे टाकून जगणाऱ्या कहार समाजाची पंच समिती हरित लवादाकडे गेली. लवादाने २०२४ मध्ये अर्ज फेटाळला, २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही त्यांच्या बाजूने निकाल दिला नाही. सूर्याची वीज वाईट असे मी म्हणत नाही. पण पाण्यावर कोणाचे पोट आहे, हे सांगायला भोई आणि कहार यांनाच कोर्टाची पायरी चढावी लागली, हे मला टोचते.

जिल्ह्यातल्या चांगल्या कामांकडेही मला याच नजरेने बघावे लागते, आणि ते सोपे नाही. कडवंची गावाचे नाव राज्यात गाजले. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने, विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकाराने तिथे इंडो-जर्मन पाणलोटाचे काम नव्वदच्या दशकात उभे केले. बांधबंदिस्ती, नाले, माथ्यापासून पायथ्यापर्यंत. दुष्काळात जिथे टँकर यायचा तिथे द्राक्षांचे मळे आले. याला तोड नाही, आणि अण्णांसारखी माणसे नसती तर जालना अजून कोरडा असता. पण पुढे द्राक्षासाठी शेततळी आली, कडवंचीत आणि आता सगळीकडे. शेततळे म्हणजे काळे प्लास्टिक अंथरलेला, उभ्या काठाचा खड्डा. त्यात पाणी असते. लव्हाळे नसते, चिखल नसतो. बेडूक पडला तर वर येत नाही. जिल्ह्यात पाणी वाढले, ओली जमीन कमी झाली, असे एकाच वेळी घडू शकते. हिशेबात फक्त 'साठा' मोजला की ही दुसरी बाजू दिसतच नाही.

गाळ काढण्याच्या कामातही तेच. यंत्र पोकलेनचे, भाडे तासावर. चालकाला सांगितलेले असते की जेवढे जास्त ब्रास निघेल तेवढे चांगले. तो सोयीच्या जागेवरून, म्हणजे रस्त्याला जवळच्या उथळ बाजूने खणायला लागतो. तीच बाजू, गाळपेरीची. पंधरा दिवसांत तिथे दोन पुरुष खोल, सरळ उभ्या कडांचा खड्डा होतो. पाणी येते तेव्हा वरून काही कळत नाही. म्हैस उतरते आणि अडकते. पोहायला गेलेली पोरे बुडाल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात त्या बहुतेक अशाच खड्ड्यांच्या. कधी गाळ संपून मुरूम लागला तरी यंत्र थांबत नाही, कारण मुरूम रस्त्याला विकला जातो. वीटभट्टीवाले मातीवर टपलेले असतातच.

इथे एक फरक जुन्या मिस्त्री लोकांना नीट कळायचा. पाझर तलावाचे काम पाणी जिरवण्याचे. त्याच्या तळाला चिकण गाळ बसला की पाझर बंद होतो आणि खालच्या विहिरी आटतात. तिथे मुरमापर्यंत खणणे योग्यच. पण साठवण तलाव आणि पिण्याच्या तलावात तोच चिकण थर पाणी धरून ठेवतो. तो खरवडून काढला तर कोट्यवधी लिटर पाणी जमिनीत निघून जाईल आणि 'तलाव खोल केला तरी पाणी का टिकत नाही' म्हणून सगळे डोके धरून बसतील. दोन्ही तलावांना एकच यंत्र, एकच योजना, एकच फलक लावला जातो, ही माझी तक्रार.

घाणेवाडीसारख्या तलावाचा गाळ काढू नये, असे म्हणणारा माणूस उन्हाळ्यात जालन्यात राहून बघावा. गाळ काढलाच पाहिजे. पण पाळीच्या बाजूला, खोल भागात काढा. वरचा उतार, जिथून ओढा येतो ती बाजू, तिला हात लावू नका. खणलेल्या जागेला ढाळ द्या, सरळ कडा ठेवू नका. बेशरम वाढली असेल तर ती मात्र मुळासकट उपटा. ते परदेशी झुडूप एकदा काठाला लागले की लव्हाळ्याला जागा देत नाही, आणि त्याला गुरे तोंड लावत नाहीत. आफ्रिकन मांगूर कोणी सोडत असेल तर अडवा, तो देशी मासळीचा फडशा पाडतो आणि त्यावर सरकारची बंदी आहेच.

हे मी आमच्या गावच्या ग्रामसभेत मांडले. उत्तर आले ते अपेक्षितच होते. एक जण म्हणाला, "गुरुजी, पाखरांसाठी माहं रान बरड ठिवू का?" त्याचे रान वरच्या उताराला लागून आहे, आणि तिथून गाळ न्यायला त्याला ट्रॅक्टरचे डिझेल कमी लागते. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मग एक म्हातारी बाई बोलली, जिच्या घरचे गाळपेर करायचे. ती म्हणाली, "पाखराचं जाऊ द्या. त्या रानात आम्ही वाळूक लावत होतो. आता तिथं पाय ठिवला तर माणूस दिसत न्हाई." तिच्याकडे सातबारा नाही. गाळपेरीचा पट्टा कोणाच्याच नावावर नसतो. पाणी सरकले की जमीन येते, पाणी आले की जाते. त्यामुळे तो खणला तर नुकसान कोणाचे झाले, हे दाखवायला कागद नाही, आणि भरपाईचा तर प्रश्नच नाही.

शेवटी ठरले ते असे: ओढ्याच्या तोंडापासून शंभर पावलांपर्यंत यंत्र न्यायचे नाही, आणि ज्यांचे रान त्या बाजूला आहे त्यांच्या ट्रॉल्यांना डिझेलचा फरक वर्गणीतून द्यायचा. ठराव झाला. वर्गणी अर्धीच जमली. चुन्याने रेघ मारली होती, ती पहिल्या वळवाने धुऊन गेली, म्हणून आता तिथे दगड रोवायचे चालले आहे. दगड कोणाच्या ट्रॉलीने आणायचे यावर बोलणे अडले आहे.